आयताच्या बाजू आणि वर्गसमीकरण

आयताचे क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. दोन्ही बाजू माहीत असतील तर एक गुणाकार केला की काम संपते. उलट दिशेने जायचे तर ते तितके सरळ नाही. जागा एक गुंठ्याची आहे, म्हणजे १०८९ चौरस फूट आहे, एवढेच सांगितले तर तिचा आकार कळत नाही. ती ३३ बाय ३३ फुटांची असेल, ९९ बाय ११ ची असेल, नाहीतर १०८९ फूट लांब आणि जेमतेम फूटभर रुंद अशी पट्टीही असेल. एकाच क्षेत्रफळात बाजूंच्या अगणित जोड्या बसतात. त्यांतली नेमकी जोडी शोधायची तर बाजूंविषयी आणखी एक गोष्ट कळावी लागते. लांबी रुंदीच्या कितीपट आहे, लांबी रुंदीपेक्षा कितीने जास्त आहे, परिमिती किती आहे, किंवा भोवती केवढा रस्ता सोडला आहे, यांपैकी काहीतरी. शाब्दिक उदाहरणात ही माहिती बहुधा एकाच वाक्यात येते, आणि समीकरणाचा सगळा तोंडवळा त्या वाक्यावर ठरतो.

या उदाहरणांत वर्ग कुठून येतो, हेही इथेच स्पष्ट होते. रुंदीला क्ष मानले आणि दुसऱ्या माहितीच्या आधारे लांबीही क्षच्या रूपात लिहिली, की क्षेत्रफळ काढताना क्षला क्षनेच गुणावे लागते. एक अज्ञात संख्या स्वतःलाच गुणते आणि समीकरण वर्गसमीकरण होते.

सर्वांत सोपा प्रकार गुणोत्तराचा. व्हॉलीबॉलच्या मैदानाची लांबी रुंदीच्या दुप्पट असते आणि क्षेत्रफळ १६२ चौरस मीटर असते. रुंदी क्ष मीटर मानली तर लांबी २क्ष, म्हणून २क्ष² = १६२ आणि क्ष² = ८१. रुंदी ९ मीटर, लांबी १८ मीटर. इथे एकट्या क्षचे पद येतच नाही, त्यामुळे वर्गमूळ काढले की झाले. खरा विषय सुरू होतो तो बाजूंमधला फरक किंवा त्यांची बेरीज दिलेली असते तेव्हा.

फरक दिला असता

एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे. रुंदी क्ष मानली तर

क्ष(क्ष + ७) = ६०
क्ष² + ७क्ष − ६० = ०

अवयव पद्धतीने (क्ष + १२)(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ५ किंवा क्ष = −१२. रुंदी ऋण असू शकत नाही. तेव्हा रुंदी ५ मीटर आणि लांबी १२ मीटर.

या चार ओळींत एक पायरी अशी आहे की तिथे पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. क्ष(क्ष + ७) = ६० असे लिहिल्यावर डावीकडे दोन अवयव दिसतात, आणि प्रत्येक अवयव वेगळा करून ६० च्या बरोबरीने मांडण्याचा मोह होतो. तसे करता येत नाही. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक शून्य असलीच पाहिजे, पण गुणाकार ६० असेल तर त्यांतल्या कोणत्याही एका संख्येविषयी ठामपणे काही सांगता येत नाही. म्हणून सगळी पदे एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला शून्य करणे ही नुसती मांडणीची शिस्त नाही; अवयव पद्धत मुळात त्या शून्यावरच उभी आहे.

ऋण मूळही घाईघाईने खोडून टाकण्याआधी जरा निरखून पाहण्यासारखे आहे. क्ष = −१२ घेतले तर क्ष + ७ = −५ येते, आणि (−१२) × (−५) = ६०. आकडे तेच, १२ आणि ५. फक्त दोघांची चिन्हे बदलली आणि जागांची अदलाबदल झाली. समीकरणाला एवढेच सांगितले होते की दोन संख्यांमध्ये ७ चा फरक आहे आणि त्यांचा गुणाकार ६० आहे. त्या संख्या म्हणजे जमिनीवर मोजायच्या लांब्या आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. समीकरणाचे उत्तर बरोबरच आहे. उदाहरणातली अट त्यात उतरलेली नव्हती, म्हणून ती सोडवणाऱ्याने शेवटी लावायची असते.

हेच आकडे, ७ आणि ६०, एका फार जुन्या मातीच्या पाटीवर आहेत. इ.स.पू. १९०० ते १६०० या काळात बॅबिलोनियात लिहिलेली ही पाटी आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात ६९६७ या क्रमांकाने जपलेली आहे. दोन संख्यांचा गुणाकार ६० आहे आणि एक दुसरीपेक्षा ७ ने मोठी आहे, तर त्या कोणत्या, असा प्रश्न तिच्यावर आहे. उत्तराची कृती थोडक्यात अशी: ७ चे दोन भाग कर, साडेतीन. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा. त्यात ६० मिळव, सव्वाबाहत्तर. त्याचे वर्गमूळ साडेआठ. साडेआठात साडेतीन मिळव, १२. साडेआठातून साडेतीन वजा कर, ५.

आकडे असे का फिरवायचे, हे पाटीवर सांगितलेले नाही. डॅनिश इतिहासकार येन्स हॉयरुप यांनी या पाट्यांमधल्या क्रियापदांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले, की ‘मोडणे’, ‘जोडणे’, ‘काढून घेणे’ हे शब्द आकृतीवर प्रत्यक्ष करायच्या कृतींचे आहेत. कागद आणि कात्री घेतली तर ती रीत आजही करून पाहता येते. ५ बाय १२ चा आयत कापावा. त्यात एका कडेला ५ बाय ५ चा चौरस मोकळा ठेवला की उरलेली पट्टी ७ रुंदीची राहते. ती उभी चिरून साडेतीन रुंदीच्या दोन पट्ट्या कराव्यात. एक पट्टी जिथल्या तिथे ठेवावी, दुसरी उचलून चौरसाच्या खालच्या कडेला लावावी. आता तयार झालेली आकृती जवळजवळ चौरस दिसते. तिची प्रत्येक बाहेरची बाजू साडेआठ आहे, फक्त एका कोपऱ्यात साडेतीन बाय साडेतीनची खाच राहिली आहे. कागद तेवढाच आहे, म्हणजे ६०. खाच भरायला सव्वाबारा लागतात. भरली की सव्वाबाहत्तरचा पुरा चौरस होतो. शाळेत ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणून शिकवली जाते ती ही. क्षच्या सहगुणकाची निम्मी करून तिचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवायचा, हा नियम पाठ करताना कोरडा वाटतो. त्या खाचेकडे पाहिले की तो विसरणे अवघड होते.

इ.स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावरच्या ग्रंथात हीच खाच आकृती काढून भरली. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात क्ष² + १०क्ष = ३९ आहे. म्हणजे ज्याच्या बाजूंत १० चा फरक आहे आणि क्षेत्रफळ ३९ आहे असा आयत. १० ची निम्मी ५, तिचा वर्ग २५, ३९ आणि २५ मिळून ६४, वर्गमूळ ८, त्यातून ५ गेले, क्ष = ३. आयत ३ बाय १३ चा. मूळ म्हणून त्यांनी ३ च दिले. −१३ चा विचार त्या पद्धतीत नव्हता, कारण ऋण लांबीची पट्टी कापता येत नाही.

फरक विषम संख्येचा असला की निम्मी करताना अपूर्णांक येतात. भारतीय गणितात यावर एक सुरेख तोड निघाली. ती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांची रीत त्यांच्या नावानिशी दिली आहे. क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे आणि मग क्षच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. वरच्या उदाहरणात ६० ची चौपट २४०, त्यात ७ चा वर्ग ४९ मिळवला की २८९, आणि त्याचे वर्गमूळ १७. अपूर्णांक कुठेही आला नाही.

हा १७ काय आहे? ५ आणि १२ ची बेरीज. ५ बाय १२ चे चार आयत घेऊन ते एकामागून एक वळवत असे मांडावेत, की एकाच्या लांब बाजूपुढे दुसऱ्याची आखूड बाजू येईल. बाहेरून १७ बाय १७ चा चौरस तयार होतो आणि मधोमध ७ बाय ७ ची मोकळी जागा राहते. चार आयत आणि मधला चौरस मिळून मोठा चौरस:

(बेरीज)² = ४ × क्षेत्रफळ + (फरक)²

आयताच्या उदाहरणांसाठी याहून उपयोगी ओळ सापडणे कठीण. बेरीज, फरक आणि क्षेत्रफळ यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी दिल्या की तिसरी मिळते. बेरीज आणि फरक दोन्ही हाती आले की त्यांच्या बेरजेची निम्मी म्हणजे मोठी बाजू आणि वजाबाकीची निम्मी म्हणजे लहान बाजू. दहावीच्या पुस्तकातले सूत्रही हीच गोष्ट सांगते. अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाची मुळे

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ

अशी असतात, आणि त्यातले ४अक हे श्रीधराचार्यांच्या चौपटीतून आलेले आहे.

बेरीज दिली असता

परिमिती दिली की प्रत्यक्षात बेरीज दिलेली असते, मात्र दुप्पट करून. परिमिती ४६ मीटर आणि क्षेत्रफळ १२० चौरस मीटर असेल तर लांबी व रुंदीची बेरीज २३. एक बाजू क्ष, दुसरी २३ − क्ष:

क्ष(२३ − क्ष) = १२०
क्ष² − २३क्ष + १२० = ०
(क्ष − १५)(क्ष − ८) = ०

परिमितीची निम्मी करायला विसरून ४६ − क्ष लिहिणे ही इथली नेहमीची चूक. मुळे या वेळी दोन्ही धन आली, १५ आणि ८. पण आयत दोन नाहीत. क्ष म्हणजे १५ मानला तर दुसरी बाजू ८ होते आणि ८ मानला तर १५. कोणत्या बाजूला क्ष म्हणायचे हे ठरवलेच नव्हते, म्हणून समीकरणाने दोन्ही बाजू एकदम हाती दिल्या.

फरकाच्या आणि बेरजेच्या उदाहरणांत एक मोठा भेद आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी. वर्गमूळाच्या चिन्हाखालच्या ब² − ४अक या राशीला विवेचक म्हणतात. ती ऋण असली तर समीकरणाला वास्तव मुळे नसतात. फरक दिलेल्या उदाहरणात हा विवेचक म्हणजे (फरक)² + ४ × क्षेत्रफळ, आणि वरच्या ओळीनुसार तो बाजूंच्या बेरजेचा वर्ग असतो. तो ऋण होऊच शकत नाही. फरक कोणताही सांगा, क्षेत्रफळ कोणतेही सांगा, तसा आयत असतोच. बेरीज दिलेल्या उदाहरणात विवेचक म्हणजे (बेरीज)² − ४ × क्षेत्रफळ, म्हणजे बाजूंच्या फरकाचा वर्ग. ही वजाबाकी आहे आणि ती शून्याखाली जाऊ शकते. गेली, तर सांगितलेला आयत अस्तित्वातच नसतो.

गुंठ्याचे उदाहरण पुन्हा घेतले तर हे आकड्यांत दिसते. एक गुंठ्याच्या आयताकृती जागेला १३४ फूट कुंपण लागले, असे सांगितले तर बेरीज ६७, विवेचक ४४८९ − ४३५६ = १३३, त्याचे वर्गमूळ सुमारे ११.५३, बाजू सुमारे ३९.२७ आणि २७.७३ फूट. कुंपण १३२ फूट असेल तर बेरीज ६६, विवेचक बरोबर शून्य, म्हणजे बाजूंत फरकच नाही: ३३ बाय ३३ चा चौरस. आणि कुंपण १३० फूटच लागले असे कोणी सांगितले तर विवेचक ४२२५ − ४३५६ = −१३१. एक तर मोजणी चुकली आहे, किंवा जागा गुंठाभर नाही. १३० फुटांत जास्तीत जास्त साडेबत्तीस फुटांचा चौरस होतो आणि त्याचे क्षेत्रफळ १०५६.२५ चौरस फूटच भरते. ठरावीक परिमितीच्या आयतांत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे, हा नियम विवेचकाच्या चिन्हातून असा आपोआप बाहेर येतो.

भोवतीचा रस्ता, मधले रस्ते

परीक्षेत सर्वांत जास्त घोळ घालणारी उदाहरणे रस्त्याची असतात. त्यांत गणित अवघड नसते. आकृती न काढल्यामुळे समीकरणच चुकते. व्हॉलीबॉलच्या १८ बाय ९ मीटरच्या मैदानाभोवती सगळीकडे सारख्या रुंदीची मोकळी जागा ठेवायची आहे आणि एकूण जागा ३६० चौरस मीटर आहे, तर मोकळ्या पट्ट्याची रुंदी किती? पट्टा दोन्ही टोकांना आहे, म्हणून लांबीत २क्ष वाढतात आणि रुंदीतही २क्ष.

(१८ + २क्ष)(९ + २क्ष) = ३६०
४क्ष² + ५४क्ष + १६२ = ३६०
२क्ष² + २७क्ष − ९९ = ०

विवेचक ७२९ + ७९२ = १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. क्ष = (−२७ + ३९) ÷ ४ = ३. खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मैदानाभोवती कमीत कमी एवढीच, ३ मीटर, मोकळी जागा सांगितली आहे. दुसरे मूळ −१६.५ येते. ते घेतले तर बाजू −१५ आणि −२४ होतात. बाहेरचा आयत खरोखर २४ बाय १५ चाच आहे. पुन्हा तेच आकडे, चिन्हे बदललेले.

मधून जाणाऱ्या रस्त्यांचे उदाहरण याहून शिकवणारे आहे. ४० बाय ३० मीटरच्या बागेतून सारख्या रुंदीचे दोन सरळ रस्ते काढले आहेत, एक लांबीला समांतर आणि एक रुंदीला. उरलेली हिरवळ १०६४ चौरस मीटर आहे. रस्त्यांचे क्षेत्रफळ थेट मांडायला गेले तर ४०क्ष आणि ३०क्ष मिळवावे लागतात, आणि जिथे ते एकमेकांना छेदतात तो क्ष² चा चौक दोनदा मोजला गेला म्हणून एकदा वजा करावा लागतो. याहून सोपी वाट आहे. हिरवळीचे चार तुकडे मनातल्या मनात सरकवून एकमेकांना चिकटवावेत. (४० − क्ष) बाय (३० − क्ष) चा एकसंध आयत तयार होतो.

(४० − क्ष)(३० − क्ष) = १०६४
क्ष² − ७०क्ष + १३६ = ०
(क्ष − २)(क्ष − ६८) = ०

रस्ता २ मीटर रुंद. दुसरे मूळ ६८, आणि ते धन आहे. ‘ऋण उत्तर सोडून द्यावे’ एवढाच नियम ज्याने लक्षात ठेवला असेल तो इथे फसेल. ६८ मीटरचा रस्ता ४० मीटरच्या बागेत मावत नाही, म्हणून तो सोडायचा. मूळ तपासायचे ते प्रत्यक्ष परिस्थितीशी. नुसते चिन्ह पाहून भागत नाही.

चौकाचा क्ष² वजा करायला विसरले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. रस्त्यांचे क्षेत्रफळ १२०० − १०६४ = १३६, आणि ७०क्ष = १३६ यावरून क्ष सुमारे १.९४ येतो. खऱ्या उत्तराहून जेमतेम सहा सेंटिमीटर कमी. उत्तर इतके पटण्यासारखे असते की चूक लक्षातच येत नाही. ताळा करून पाहणे हाच त्यावर उपाय: १.९४ धरून हिरवळ मोजली की ती १०६४ पेक्षा जास्त भरते.

धन मूळही परिस्थितीत बसत नसेल तर नाकारायचे, हा विचार भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘बीजगणित’मध्ये स्पष्टपणे केला आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जी संख्या येते तिच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला, तर कळप केवढा, असे ते उदाहरण आहे. त्याचे समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते आणि मुळे ५० व ५ येतात. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक, दोन्ही समीकरणात चपखल बसणारी. पण कळप ५ चा धरला तर पाचवा भाग १, त्यातून तीन गेले की −२. त्याचा वर्ग चार असला तरी उणे दोन वानर ही गोष्ट लोकांच्या समजुतीला पटत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले आणि ५० ठेवले. 

दोन्ही मुळे खरी असतात तेव्हा

काही उदाहरणांत मात्र दोन्ही मुळे दोन वेगळे आयत देतात. घराच्या मागच्या भिंतीला लागून आयताकृती परसबाग करायची आहे. भिंतीकडे कुंपण नको. उरलेल्या तीन बाजूंसाठी ४० मीटर जाळी आहे, आणि बाग १५० चौरस मीटरची हवी. भिंतीला काटकोनात असलेली बाजू क्ष मानली तर अशा दोन बाजूंना २क्ष जाळी लागते आणि समोरच्या बाजूला ४० − २क्ष उरते.

क्ष(४० − २क्ष) = १५०
क्ष² − २०क्ष + ७५ = ०
(क्ष − ५)(क्ष − १५) = ०

क्ष = ५ घेतले तर बाग ३० बाय ५ ची, भिंतीलगत पसरलेली. क्ष = १५ घेतले तर १० बाय १५ ची, भिंतीपासून आत गेलेली. जाळी दोन्हीकडे ४० मीटरच लागते आणि क्षेत्रफळही तेच. निवड भिंतीच्या लांबीवर ठरते. ती २० मीटरच असेल तर पहिली बाग शक्य नाही. ३० मीटर किंवा जास्त असेल तर दोन्ही शक्य. बाग २०० चौरस मीटरची हवी असती तर विवेचक शून्य होऊन क्ष = १० हे एकच उत्तर आले असते, आणि २०० च्या पुढे त्या जाळीत काहीच बसले नसते.

पुस्तकातली उदाहरणे बहुधा पूर्णांकात सुटतील अशी बेतलेली असतात. जमीन तशी बेतलेली नसते. एक गुंठ्याच्या आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा २० फुटांनी जास्त असेल तर क्ष² + २०क्ष − १०८९ = ०. अवयव पडत नाहीत. पूर्ण वर्ग पद्धतीने (क्ष + १०)² = ११८९, आणि ११८९ चे वर्गमूळ सुमारे ३४.४८. रुंदी सुमारे २४.४८ फूट, लांबी ४४.४८. जागेवर आखणी करताना टेप साडेचोवीस आणि साडेचव्वेचाळीस फुटांवर धरला तर क्षेत्रफळ १०९०.२५ चौरस फूट भरते, म्हणजे गुंठ्यापेक्षा सव्वा चौरस फूट जास्त. कुंपणाचे खांब रोवायला एवढा फरक चालतो. तो चालत नसेल तिथे वर्गमूळाचे आणखी एक-दोन दशांश काढावेत. रीत तीच राहते.